मोबाइलवर अडखळत सरकणारा मेनू: माझा अनुभव
लॅपटॉपवर सुरळीत उघडणारा माझ्या वेबपानाचा साइड मेनू साध्या अँड्रॉइड फोनवर मात्र तीन-चार झटके देत उघडत होता आणि त्याच्यासोबत उजवीकडे ढकलला जाणारा मजकूरही थरथरत होता. ट्रान्झिशनचा (म्हणजे बदल हळूहळू दाखवणाऱ्या ॲनिमेशनचा) वेळ वाढवला, चित्रे लहान केली, दिसेल त्या घटकाला 'विल-चेंज' (हा घटक बदलणार आहे, अशी ब्राउझरला दिलेली आगाऊ सूचना) लावले; दोन संध्याकाळी वाया गेल्या.

शेवटी क्रोम ब्राउझरच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये (पानाचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) सीपीयू सहापट मंद करून रेकॉर्डिंग घेतले. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. इथे प्रत्येक फ्रेममध्ये 'लेआउट'ची (घटकांच्या जागा आणि आकार मोजण्याच्या कामाची) लांब जांभळी पट्टी दिसत होती, कारण मी 'मार्जिन-लेफ्ट' (डावीकडची मोकळी जागा) ॲनिमेट करत होतो आणि त्यामुळे ब्राउझर दर फ्रेमला सगळ्या मजकुराची मांडणी नव्याने करत होता.

प्रथम मार्जिनचे ॲनिमेशन काढून मेनू आणि मजकूर हे दोन्ही 'ट्रान्सफॉर्म'मधील 'ट्रान्सलेट-एक्स'ने सरकवले; यात घटक आडवा सरकतो, पण मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही. मग 'ट्रान्झिशन: ऑल'ऐवजी (म्हणजे प्रत्येक बदल ॲनिमेट करण्याऐवजी) केवळ 'ट्रान्सफॉर्म 250 मिलिसेकंद' लिहिले. त्यानंतर बोटाने ओढताना दर वेळी वाचली जाणारी 'ऑफसेट-विड्थ' (घटकाची रुंदी) स्पर्श सुरू होताना एकदाच वाचून ठेवली, कारण ती वाचताना ब्राउझरला मांडणी पुन्हा मोजावी लागू शकते. सर्वत्र चिकटवलेले 'विल-चेंज' शेवटी पुसून टाकले.

एक खोच मात्र राहिली होती: ट्रान्सफॉर्म लावलेल्या घटकाच्या आतील 'पोझिशन: फिक्स्ड' (एरवी स्क्रीनवर एकाच जागी राहणारे) बटण स्क्रीनऐवजी त्या घटकाला धरून बसते, म्हणून ते बटण मजकुराच्या डब्याबाहेर हलवावे लागले. नव्या रेकॉर्डिंगमध्ये मेनू सरकत असतानाच्या जांभळ्या पट्ट्या नाहीशा झाल्या आहेत.