बंदरावरची मोरी: शार्कची पहिली नोंदवही कशी भरायची

शार्कचा अभ्यास म्हणजे पाणबुडे, पिंजरे आणि निळंशार पाणी, हा समज आधी सोडा. कोकणात हा अभ्यास हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावर, लिलाव सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात होतो. त्याची सुरुवात करायची ती टोपलीतल्या वीतभर मोरीपासून, म्हणजे छोट्या शार्कपासून. मोठा मासा आला की गर्दी आणि फोटो आपोआप होतात. लहान मोरी कुणी मोजत नाही, आणि नेमकी तीच जास्त सांगते.

यांत्रिक बोटींना जून-जुलैत बंदी असते, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर सुरू करा. सोबत मीटरभर लांब फळी घ्या. तिच्यावर स्टीलची पट्टी खिळून शून्याच्या टोकाला एक छोटी फळी उभी ठोका. शिवणकामाची टेप ओली झाली की ताणते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. लिहायला पेन्सिल, शाई खाऱ्या पाण्यात पसरते. जाड हातमोजे हवेतच, कारण त्याच ढिगात पाकटाचा (स्टिंगरेचा) काटा दडलेला असू शकतो. लिलाव चालू असताना मध्ये घुसू नका. तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) किंवा पाटी घेऊन बसलेल्या मावशींना विचारूनच माशाला हात लावा, आणि मोजलेला मासा होता तिथेच ठेवा.

आधी कल्ल्यांच्या फटी बघा. बाजूला असतील तर शार्क, पोटाकडे असतील तर पाकट किंवा गिटारफिश. मग जात. बंदरावर ‘मोरी’ किंवा ‘मुशी’ या एका नावाखाली अनेक जाती विकल्या जातात, म्हणून ऐकलेलं नाव लिहा, पण त्यावर थांबू नका. सगळ्यात जास्त भेटेल ती स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची असलेली. हिचं मुस्कट चपटं, फावड्यासारखं, आणि पाठीवरचा पहिला पर बराच मागे सरकलेला: छातीच्या परांपेक्षा पोटाच्या परांना जवळ. हिच्याशी गल्लत होते ती ऱ्हायझोप्रायोनोडॉन अक्यूटसची. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यापासून निघणारे चर लांब आणि स्पष्ट असतात. स्कोलिओडॉनमध्ये ते जेमतेम दिसतात. पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ सारखे, दोन्ही मागच्या बाजूला आणि नाकाशी छोट्या मिशा असतील तर ती बांबू शार्क. हातोड्यासारख्या डोक्याच्या कानमुशीत डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध खाच आहे का, ते जरूर टिपा. स्फिर्ना लेविनी ही कानमुशीची जात ओळखायला ती खाच मदत करते, पण एकट्या खाचेवर निकाल देऊ नका. परांच्या काळ्या टोकांवरून मात्र एकदम निकाल देऊ नका. ती खूण अनेक जातींत असते आणि पिल्लांत फिकी दिसू शकते.

लांबी घेताना मुस्कट उभ्या फळीला टेकवा, शेपटीचा वरचा भाग शरीराच्या रेषेत सरळ करा आणि टोकापाशी आकडा वाचा. पोटावरून किंवा पाठीवरून टेप फिरवली तर शरीराच्या गोलाईमुळे लांबी वाढते, आणि ती चूक जाड माशात जास्त होते. डोकं किंवा पर कापलेला मासा अंदाजाने लिहू नका. ‘अपूर्ण’ अशी नोंद करा.

आता मासा उताणा करा. पोटाच्या परांच्या आतल्या कडेला दोन दांडे असतील तर नर. पिल्लात ते अगदी बारीक असतात, म्हणून पर बोटाने वर उचलून बघावं लागतं, नाहीतर नर मादी म्हणून लिहिला जातो. दांडे मऊ असतील तर नर अजून कच्चा. कडक आणि बुडाशी सहज वळणारे असतील तर वयात आलेला. त्यानंतर छातीच्या दोन परांच्या मधे नाळेची खूण शोधा. स्कोलिओडॉनची पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात आणि साधारण 12 ते 15 सेंटीमीटरची जन्मतात. जखम उघडी असेल तर पिल्लू नुकतंच जन्मलेलं, फक्त बारीक रेघ उरली असेल तर थोडं जुनं. एकाच बंदरावर ठराविक महिन्यांत उघड्या जखमेची पिल्लं पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर जवळपास त्यांची जन्मजागा असण्याची शक्यता मोठी. कोणत्या महिन्यात कुठे जाळं टाकू नये, हे ठरवायला अशीच माहिती लागते.

प्रत्येक माशाला एक ओळ पुरते: तारीख, बंदर, जाळ्याचा प्रकार (ट्रॉलर, गिलनेट, रापण, गळ), किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात मिळाला, जात, लांबी, लिंग, नाळ. दिवसाच्या शेवटी किती बोटी तपासल्या ते लिहा. एकही मोरी नसली तरी शून्य लिहा. शून्याचे दिवस गाळले तर मोरी कमी होतेय की आपणच कमी बघतोय, हे पुढे कधीच कळणार नाही. फोटो तीन: पूर्ण बाजू पट्टीसकट, डोक्याची खालची बाजू, आणि नाळ.

वय मात्र बाहेरून कळत नाही. हाडांच्या माशांचं वय कानातल्या खड्यावरून मोजतात. शार्कसाठी मणक्याचा काप घेऊन त्यातली वलयं मोजावी लागतात. डीएनएसाठी मसुराएवढा पराचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. फॉर्मलिनमध्ये ठेवला तर डीएनए खराब होतो. पण ही कामं स्वतःच्या मनाने करू नका. रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय किंवा केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र यांच्याशी बोलून करा. उशीर झाला की अमोनियाचा वास सुटतो: शार्कच्या अंगात युरिया असतो आणि मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. असा मासा मोजायला चालतो, नमुन्याला नाही.

व्हेल शार्क आणि करवत मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित शार्क आणि पाकटांची यादी वाढली आहे, तेव्हा ताजी यादी वनविभागाकडून घ्या. त्यांचा तुकडाही परवानगीशिवाय उचलू नका. जाळ्यात जिवंत व्हेल शार्क आला असेल तर शेपटीला दोर बांधून ओढायचा नाही, जाळं कापायचं. फाटलेल्या जाळ्यासाठी महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, पण पुरावा लागतो. म्हणून कापायच्या आधी खलाशांपैकी एकाने फोनवर चित्रीकरण सुरू करावं: आधी मासा जाळ्यात, मग कापणं, मग सुटका, न थांबता.