थीम रिसॉर्ट बुक करताय? कोकणातल्या नव्या मुक्कामाची पारख करताना या चुका टाळा

माझं माहेर गुहागरचं, सासर देवगडचं. मे महिना जवळ आला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "अगं, हे नवीन रिसॉर्ट कसं वाटतंय ते बघून सांग ना." सोबत चार फोटो. पूर्वी त्या फोटोंत समुद्र, माड आणि स्वच्छ चादर एवढंच असायचं. आता कुठे जहाजाच्या आकाराची कॉटेज असतात, कुठे झाडावरची घरं, कुठे शंभर वर्षांचा वाटावा असा गेल्याच वर्षी बांधलेला वाडा. भाडं रात्रीला सात-आठ हजारांच्या घरात. एवढे पैसे मोजून आलेली माणसं दुसऱ्याच दिवशी हिरमुसलेली पाहिली की मला वाईट वाटतं. आमच्याकडे येऊन कुणी असं परत जाऊ नये. म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

फोटो रात्रीचा, मुक्काम दुपारचा

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मीही केली आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही सात जण एका नव्या, जहाजाच्या थीमच्या कॉटेजमध्ये उतरलो. फोटोत तलावाच्या पाण्यात उजळलेलं ते जहाज फार सुंदर दिसत होतं. आत शिडी, वर मुलांसाठी बंक, भिंतीला सुकाणूचं चाक, जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. नऊ वर्षांचा भाचा शिडीवर अर्धा चढून म्हणाला, "मावशी, आपण खरंच बोटीत झोपायचं?" त्याचा आनंद खरा होता, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली. जनरेटरवर दिवे आणि एक पंखा, तोही शिडीच्या पलीकडे. मी गोल खिडकी उघडायला गेले तर तिला कडीच नव्हती. काच चौकटीत कायमची बसवलेली. वर पत्रा, त्याला आतून लाकडासारखी दिसणारी शीट. वीस मिनिटांत खोली भट्टीसारखी तापली. आमची आत्या पंच्याहत्तर वर्षांची. तिने दार सताड उघडलं, उंबऱ्यावर बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "जहाज बरं केलंय गो, पण वाऱ्याला वाट ठेवायची विसरले."

वाऱ्यावर चालणाऱ्या गलबताची नक्कल करताना वाराच बाहेर राहिला. तेव्हापासून कुठल्याही थीम खोलीबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारते: दुपारी दोन वाजता, वीज नसताना इथे बसता येईल का?

हा प्रश्न कोकणात का महत्त्वाचा, तेही सांगते. खोपोलीचं इमॅजिका हे थीम पार्क 2013 मध्ये सुरू झालं आणि नंतर पार्कला लागूनच हॉटेल आलं. तिथे माणूस दिवसभर राइड्सवर असतो, खोलीत फक्त पाठ टेकायला येतो. मुलांना चित्रांची भिंत दिसली आणि पार्क चालत गाठता आलं की पैसे वसूल. आपल्या किनाऱ्यावर मात्र सकाळी अकरा ते चार उन्हामुळे वाळूत पाय ठेववत नाही. ते पाच तास खोलीत किंवा पडवीतच जातात. म्हणजे इथे खोली हाच पार्क. थीम पार्कच्या हॉटेलची मोजपट्टी जशीच्या तशी इथे लावली की हिशेब चुकतो.

थीम चिकटवलेली आहे की बांधलेली?

अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमध्ये 1971 साली उघडलेल्या कंटेम्पररी हॉटेलात मोनोरेल थेट इमारतीच्या पोटातून जाते. उद्याचं जग दाखवायचं तर ते नुसतं रंगवलं नाही, इमारतच तशी उभी केली. थीमची खरी कसोटी ही. वरची सजावट काढून टाकली तरी काय उरतं?

आपल्याकडे सर्वांत जास्त विकली जाणारी थीम म्हणजे 'कोकणी घर'. ती तपासायला वास्तुविशारद लागत नाही.

भिंतीचा कोपरा बघा. जांभा दगडाचा खरा चिरा कोपऱ्यावर वळतो. एका बाजूने त्याची लांबी दिसते, दुसऱ्या बाजूने रुंदी, आणि वरच्या थरात उलट. चिऱ्याच्या पातळ चकत्या सिमेंटच्या भिंतीवर चिकटवल्या असतील तर अगदी कोपऱ्याच्या धारेवर वरपासून खालपर्यंत एक उभी सांध दिसते. बोटाने चाचपली तरी कळते. चकत्या लावणं हा गुन्हा नव्हे, खर्च वाचवायचा तो एक रास्त मार्ग आहे. पण भाडं चिरेबंदी घराचं घेतलं जात असेल तर फरक तुम्हाला कळायला हवा.

मग छप्पर. मंगळुरात 1865 मध्ये कौलांचा कारखाना निघाला आणि तिथली कौलं हळूहळू साऱ्या किनाऱ्यावर पोचली. आपली कौलारू घरं त्यांच्याच आधाराने पावसाळे काढत आली. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, खाली माळा असतो, म्हणून घर थंड. हल्ली काँक्रीटच्या स्लॅबवर शोभेला कौलं बसवतात. बाहेरून ओळखू येत नाही, पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. फोनवर सरळ विचारा: "कौलांच्या खाली वासे आहेत की स्लॅब?" खरं बांधणारा माणूस या प्रश्नाने खूष होतो आणि दहा मिनिटं बोलतो. बाकीचे "सगळं कोकणी स्टाइल आहे मॅडम" म्हणून विषय बदलतात.

तिसरी गोष्ट पडवी. ओटी, माजघर, न्हाणीघर या पाट्या दारांवर लावल्या आणि बसायला दीड फुटाची बाल्कनी दिली, तर ते घर नव्हे. पडवीत चार माणसं पाय पसरून बसू शकली पाहिजेत आणि पाऊस आला तरी उठावं लागता कामा नये. सारवलेलं खळं असेल, तुळशीवृंदावनापाशी संध्याकाळी खरोखर दिवा लागत असेल, तर त्या जागेला चार पैसे जास्त द्यायला माझी ना नाही. गणपतीपुळ्याचं 'प्राचीन कोकण' हे खुलं संग्रहालय आधी एकदा बघून घ्या. जुनं राहणीमान कसं होतं याचा अंदाज डोळ्यांत बसला की नक्कल चटकन ओळखू येते.

दुसऱ्या मुलखाची थीम आपली म्हणून घेणं

मालवणच्या खोलीत वारली चित्रं दिसतात. वारली कला पालघर-डहाणूकडची. तिथल्या मुक्कामात ती शोभतेच. पण सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आहेत. एखाद्या रिसॉर्टने पिंगुळीच्या कलाकारांकडून भिंत रंगवून घेतली असेल, तर त्या पैशाचा काही भाग गावात राहिला आणि मुलांना इथलीच गोष्ट मिळाली.

समुद्री चाच्यांच्या थीमबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. कवटीचे झेंडे, एक डोळा झाकलेला पुतळा, आणि समोरच्या समुद्रात आपला किल्ला! कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारले, तोवर या पाण्यात त्यांचा शब्द चालत होता. इंग्रजांच्या कागदांत त्यांना चाचा म्हटलं जायचं, कारण त्यांनी इंग्रजांची जहाजं अडवली. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या किंवा विजयदुर्गाच्या परिसरात कवटीचा झेंडा लावणारा मालक नकळत त्याच कागदांची री ओढतो. गुराब हे लढाऊ जहाज कसं असतं, गलबत कसं, विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे जहाजांची गोदी कशी होती, हे दाखवणारी एखादी खोली उभी करा. मुलं रात्रभर प्रश्न विचारतील.

'नवीन' या शब्दावर भाळणं

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा वाहतो. इथे वास्तूची परीक्षा पहिला पावसाळा घेतो. डिसेंबरात उघडलेलं रिसॉर्ट मार्चमध्ये झकपक दिसणारच. ऑक्टोबरात जा. लोखंडी कठड्याला रंगाखाली फोड आलेत का, प्लायचं कपाट उघडल्यावर कुबट वास येतो का, फायबरच्या खडकाचा रंग उडालाय का, हे बघा. लांबून बुकिंग करत असाल तर मालकाकडून ऑगस्ट-सप्टेंबरमधले फोटो मागा. नसतील, तर त्या जागेने अजून पावसाळा पाहिलेला नाही असं समजा आणि भाव त्या हिशेबाने करा.

भाड्याचा आकडा एकट्याने वाचणं

खोलीमागे की माणशी, नाश्ता धरून की वेगळा, जादा गादीचे किती, हे सगळे विचारतातच. दोन गोष्टी सुटतात.

पहिली जीएसटी. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आणि त्यावरच्या खोलीला 18 टक्के कर आहे. म्हणजे 7400 ची खोली करासह 7770 ला पडते आणि 7600 ची 8968 ला. भाड्यात फरक दोनशेचा, खिशातून जातात सुमारे बाराशे. 'सी व्ह्यू'साठी दोनशे जादा सांगितले तर आधी हा हिशेब करा. घरगुती निवासाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे थेट घेतलेली तशी खोली करापुरती स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट वेळ. दुपारी बाराला खोली मिळते आणि सकाळी दहाला सोडावी लागते, असं बऱ्याच ठिकाणी असतं. तो मुक्काम बावीस तासांचा झाला. सात तासांचा प्रवास करून संध्याकाळी सहाला पोचणाऱ्या कुटुंबाला त्या थीमचे हाती लागतात सोळा तास, त्यातले आठ झोपेचे. एकच रात्र असेल तर महागड्या थीमऐवजी साधी, हवेशीर खोली घ्या.

'समुद्राला लागून' शब्दशः घेणं

किनारा नियमनाच्या 1991 च्या अधिसूचनेपासून गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंधन आलं. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते 50 मीटरवर आणलं. त्यामुळे कोरं करकरीत रिसॉर्ट अगदी वाळूवर दिसलं तर मी आधी परवानगीबद्दल विचारते. कारवाई झाली तर आगाऊ दिलेले पैसे अडकतात. पावसाळ्यात जाणार असाल तर जून ते ऑगस्ट पाण्यातले खेळ बंद असतात, सिंधुदुर्ग आणि जंजिरा किल्ल्यांच्या होड्याही. त्या धरून केलेलं पॅकेज घेऊ नका.

पोचल्यावर लक्षात आलं तर

सामान उघडायच्या आधी दहा मिनिटं घ्या. सगळ्या खिडक्या उघडून बघा, एसी बंद करून नुसत्या पंख्यावर पाच मिनिटं बसा, न्हाणीघरातला नळ सोडून पाणी खारं लागतं का ते बघा, वयस्कर माणसाला शिडी किंवा पायऱ्या चढून दाखवायला सांगा. काही खटकलं तर तेव्हाच, शांतपणे, मालकाशी बोला. व्यवस्थापकाशी नको, मालकाशी. कोकणात मालक बहुतेक जवळपासच असतो आणि समोरासमोर बोललं की ऐकतो. "तुमची जागा वाईट आहे" असं म्हणू नका. "आमच्या आत्याला इथे गुदमरतंय, दुसरी खोली बघता का?" असं म्हणा. मागच्या बाजूच्या, बिनथीमच्या जुन्या खोल्या पुष्कळदा रिकाम्या असतात आणि त्याच सर्वांत गार असतात.

फोटोतली सोय प्रत्यक्षात नसेलच आणि कुणी दाद देत नसेल, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि खोलीचा फोटो एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

त्या जहाजातून आम्हाला शेवटी मागची खोली मिळाली. आत्या पडवीत चटई टाकून झोपली आणि भाचा संध्याकाळी पुन्हा जहाजात जाऊन सुकाणूचं चाक फिरवत बसला.