वर्षावनातील पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बीण कोणती न्यावी?

उष्णकटिबंधीय वर्षावनातून डोंगरमाथ्यापर्यंत जाणाऱ्या पक्षिनिरीक्षण सहलीसाठी दुर्बीण निवडताना जास्त वर्धनाच्या मोहात पडू नये. दाट झाडीखाली भर दुपारीही उजेड कमी असतो, पक्षी जवळ पण पानांआड असतो आणि क्षणार्धात जागा बदलतो. अशा वेळी ८×४२ ची (म्हणजे ८ पट वर्धनाची आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची) दुर्बीण १०×४२ पेक्षा निश्चितच उपयोगी ठरते, कारण तिच्यातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ४.२ ऐवजी ५.२५ मिलिमीटर रुंद असतो, हाताचा कंप कमी जाणवतो आणि बहुधा दृश्यक्षेत्रही मोठे मिळते.

मात्र खरा त्रास दमटपणाचा होतो. वातानुकूलित खोलीतून बाहेर काढताच थंड भिंगांवर बाष्प साचते आणि पहाटेची मोलाची पंधरा-वीस मिनिटे वाया जातात. म्हणून दुर्बीण आदल्या रात्री हवाबंद पिशवीत ठेवावी आणि सकाळी बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. आतून नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घेतल्यास आतील भिंगे धुरकट होत नाहीत, परंतु बाहेरच्या भिंगांची काळजी तरीही घ्यावीच लागते.

उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने उतरते, म्हणून सोबत ऊबदार कपडे हवेतच. पक्ष्यांच्या जातीही उंचीनुसार बदलतात. मुक्काम हलवण्यापूर्वी पुढच्या पट्ट्यातील यादी मार्गदर्शकाकडून मागून घ्यावी आणि निदान नेहमीचे आवाज रात्रीच ऐकून ठेवावेत, कारण वर्षावनात बहुतेक पक्षी आधी ऐकू येतात.