कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या प्लांटचे तेल: निवड, भरणी आणि देखरेख

मुंबई आणि नवी मुंबईतल्या बहुतेक रेफ्रिजरेशन मेकॅनिकांचा हात बर्फाच्या कारखान्यांतल्या अमोनियावर किंवा दुकाने व कोल्ड स्टोरेजमधल्या फ्रिऑनवर बसलेला आहे. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात २०२८ पासून एचएफसी, म्हणजे फ्रिऑनच्या गटातल्या हायड्रोफ्लुरोकार्बन, वायूंचा वापर गोठवला जाईल आणि २०३२ पासून त्यात टप्प्याटप्प्याने कपात सुरू होईल, त्यामुळे आर ७४४, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, वापरणारे प्लांट पुढच्या काळात आपल्याकडे अधिकाधिक येत राहतील. अशा प्लांटपुढे उभे राहिल्यावर प्रत्येक जण दाबाची धास्ती घेतो आणि ती घ्यायलाच हवी. तेलाकडे मात्र जुन्याच सवयीने पाहिले जाते, आणि माझ्या अनुभवात कॉम्प्रेसर खराब होण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

पहिली गोष्ट अशी की या प्लांटच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तळाच्या तेलाच्या कप्प्यात, निव्वळ तेल कधीच नसते; तिथे असते ते तेल आणि त्यात विरघळलेला वायू यांचे मिश्रण. उणे १० अंश सेल्सिअसला आर १३४ ए या फ्रिऑनचा संपृक्त दाब (द्रव आणि वाफ एकत्र असतानाचा दाब) निरपेक्ष मापाने जेमतेम २ बार असतो, तर त्याच तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा सुमारे २६.५ बार. दाब वाढला की तेलात विरघळणारा वायू वाढतो आणि तेल गरम झाले की तो कमी होतो. विरघळलेला वायू तेलाला पातळ करतो, म्हणजे डब्यावर लिहिलेला दाटपणा बेअरिंगपर्यंत पोहोचेस्तोवर कित्येक पटींनी उतरलेला असतो. म्हणून फ्रिऑनच्या मशीनला ३२ दाटपणाचे (४० अंशांना ३२ सेंटीस्टोक) तेल चालत होते, तर इथेही चालेल, असा हिशेब करू नये. या कामासाठीची तेले साधारण ५५ ते ८५ आणि काही भारी कामांसाठी त्याहूनही जास्त दाटपणाची असतात. तो दाटपणा वायूने पातळ होण्यासाठी राखून ठेवलेला असतो, तो वाया जात नाही.

तेलाच्या जातींपैकी सध्या सर्वाधिक वापर पीओई, म्हणजे पॉलिओल एस्टर, तेलांचा आहे. ती द्रवरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये चांगली मिसळतात, त्यामुळे थंड इव्हॅपोरेटरमध्ये अडकून न पडता वायूबरोबर परत येतात. पण सगळी पीओई तेले एकसारखी नसतात. आर ४०४ ए च्या मशीनसाठी आणलेला पीओईचा डबा गोदामात शिल्लक आहे म्हणून तो इथे ओतणे ही चूक ठरते, कारण उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरमध्ये डिस्चार्जचे तापमान १२० अंशांच्या पुढे सहज जाते, बेअरिंगवरचा भार मोठा असतो आणि त्यासाठी तेलात खास झीजरोधक घटक घातलेले असतात. बिट्झर कंपनी आपल्या कॉम्प्रेसरसाठी क्रांतिक बिंदूखालच्या (ज्या तापमानापुढे वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही, त्या बिंदूखालच्या) कामाला बीएसई ६० के आणि क्रांतिक बिंदूपलीकडच्या कामाला बीएसई ८५ के अशी दोन वेगळी तेले ठरवते, यावरून हा फरक किती गंभीरपणे घेतला जातो हे कळते. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आणि सुमारे ७३.८ बार इतका आहे. मुंबईत मे महिन्याची दुपार तर सोडाच, वर्षातल्या कितीतरी दिवशी हवा त्याच्या आसपास किंवा वर असते. म्हणून हवेने थंड होणारा, एकट्या कार्बन डायऑक्साइडवर चालणारा प्लांट आपल्याकडे वर्षाचा मोठा भाग क्रांतिक बिंदूपलीकडेच चालणार, हे धरूनच तेल निवडावे.

पीएजी, म्हणजे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, तेले कार्बन डायऑक्साइडमध्ये अर्धवट मिसळतात. त्यामुळे ती कमी पातळ होतात आणि उच्च दाबावर वंगण चांगले टिकवतात. मोटारींच्या वातानुकूलनात आणि काही कॉम्प्रेसरमध्ये ती याचसाठी पसंत केली जातात. मात्र ती हवेतली ओल पीओईपेक्षाही जास्त शोषतात. पीएओ, म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन, जातीची तेले कार्बन डायऑक्साइडमध्ये जवळजवळ मिसळतच नाहीत, म्हणून ती वापरायची तर उत्तम सेपरेटर (वायूतून तेल वेगळे करणारे भांडे) आणि तेल परत आणण्याची स्वतंत्र व्यवस्था आधीच बसवलेली असावी लागते. साध्या खनिज तेलाचा विचार इथे करू नये. कोणत्याही दोन जातींची तेले एकमेकांत मिसळू नयेत, आणि कॉम्प्रेसरच्या पाटीवर किंवा कागदपत्रांत जे तेल लिहिले आहे, त्याऐवजी दुकानदाराने सुचवलेले ‘तसलेच’ तेल बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय घालू नये.

अमोनियावर काम केलेल्यांसाठी एक इशारा वेगळा द्यायला हवा. द्रव अमोनिया तेलापेक्षा हलका असल्यामुळे तेल नेहमी तळाशी बसते आणि भांड्याच्या खालच्या कॉकमधून ते काढण्याची आपल्याला वर्षानुवर्षांची सवय असते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे तापमानावर ठरते. उणे ३० अंशांना त्याच्या द्रवाची घनता एका लिटरला सुमारे १.०८ किलो असते, तर शून्य अंशाला ती ०.९३ किलोपर्यंत उतरते. पीओई तेल साधारण एक किलोच्या जवळ असते. म्हणजे फ्रीझरच्या बाजूच्या अतिथंड भांड्यात वेगळे झालेले तेल वर तरंगते आणि शून्याच्या आसपासच्या रिसीव्हरमध्ये ते खाली बसते. पीएओ याहून हलके असल्यामुळे या दोन्ही ठिकाणी वरच राहते. थंड भांड्याचा खालचा कॉक उघडून तेलाची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या हाती द्रव वायू येईल, आणि बाहेर पडताच त्याचा कोरडा बर्फ होऊन कॉक चोंदेल.

आता ओलीविषयी, कारण मुंबईत काम करणाऱ्याने सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायची आहे. पीओई तेल अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून बनवलेले असते. त्यात पाणी शिरले आणि उष्णता मिळाली की ही क्रिया उलटी फिरते आणि तेलातून पुन्हा आम्ल सुटू लागते. शिवाय पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कार्बोनिक आम्ल होते, आणि मोकळे पाणी थंड व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते ते वेगळेच. नव्या तेलाच्या डब्यात पाण्याचे प्रमाण ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) आत असते. जुलैच्या दुपारी तुर्भ्याच्या एखाद्या मशीन रूममध्ये, जिथे भिंतींना हात लावला तर बोटे ओली होतात, तिथे हा डबा उघडा ठेवून मेकॅनिक पाना शोधायला गेला, तर परत येईपर्यंत तेलाने ओल ओढायला सुरुवात केलेली असते, आणि डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नाही. तेल तितकेच स्वच्छ, तितकेच सोनेरी राहते.

म्हणून लागेल तेवढ्याच मापाचे लहान डबे मागवावेत. एक लिटरसाठी वीस लिटरचा ड्रम फोडू नये. डबा पत्र्याचाच असावा, कारण प्लास्टिकच्या भिंतीतून ओल हळूहळू आत जाते. पंप, नळी आणि जोड आधी तयार ठेवून मगच सील तोडावे आणि तेल थेट डब्यातून हातपंपाने क्रँककेसमध्ये घालावे. बादलीत ओतून घेणे, नरसाळे वापरणे हे प्रकार बंद करावेत. उरलेले तेल दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी ठेवू नये. पैसे वाया गेले असे वाटते खरे, पण कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे अर्धा डबा काहीच नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: ओल शोषलेले तेल व्हॅक्यूम पंप लावून कोरडे करता येईल, असे अनेकांना वाटते. पाइपातले पाणी व्हॅक्यूमने निघते, तेलाने धरून ठेवलेले पाणी जवळजवळ निघत नाही. म्हणून व्हॅक्यूम तेल भरण्याआधी ५०० मायक्रॉनच्या (पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या) खाली नेऊन धरावा, आणि उच्च दाबाला मान्यता असलेला फिल्टर ड्रायर बसवावा.

याच कारणाने गॅसही रेफ्रिजरेशनच्या दर्जाचाच, म्हणजे ९९.९९ टक्के शुद्ध आणि १० पीपीएमहून कमी ओलीचा, घ्यावा. सोड्याच्या किंवा वेल्डिंगच्या कामाचा सिलिंडर जवळच्या दुकानात लगेच मिळतो आणि नाव तेच असते, पण त्यातल्या ओलीची हमी नसते, आणि ती ओल पुढे तेलातच जाऊन बसते. व्हॅक्यूम मोडताना वायूरूपातच गॅस सोडावा आणि दाब १० बारच्या आसपास गेल्यावरच द्रव सोडायला घ्यावा. ५.२ बारच्या खाली द्रव कार्बन डायऑक्साइड टिकत नाही, त्याचा कोरडा बर्फ होतो.

तेल किती भरावे हे ठरवताना साइट ग्लासवर, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेवर, आंधळा विश्वास ठेवू नये. हे मी एका प्रसंगातून शिकलो. एका गोदामाच्या रॅकचा (एकत्र जोडलेल्या कॉम्प्रेसरांच्या संचाचा) रात्री वीजपुरवठा गेला, त्याबरोबर क्रँककेस हीटरही बंद पडले आणि सकाळपर्यंत थंड तेलात बराच वायू विरघळला. मशीन सुरू करताच दाब उतरला, वायू एकदम उकळून बाहेर पडू लागला आणि साइट ग्लासमध्ये साबणाच्या फेसासारखा पांढरा फेस दिसला. तेलाच्या पातळीचा स्विच मशीन बंद पाडत होता, आणि मी तेल कमी आहे असे समजून तीन वेळा तेल घातले. फेसाबरोबर वाहून गेलेले मूळ तेल पुढच्या काही दिवसांत परत आले, क्रँककेस भरून वाहिली आणि एका सिलिंडरची व्हॉल्व्हची पाती तुटली. त्या दिवशी तेल घालायची मुळीच गरज नव्हती; हीटर चालू करून तेल गरम होईपर्यंत काही तास थांबायला हवे होते.

तेव्हापासून मी प्रत्येक रॅकशेजारी एक वही ठेवायला लावतो. किती तेल घातले, किती काढले, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कॉम्प्रेसरमधून, एवढेच त्यात लिहायचे. तेल जळून जात नाही. घातलेल्या आणि आता दिसणाऱ्या तेलात फरक पडत असेल, तर ते पाइपात, गॅस कूलरमध्ये किंवा इव्हॅपोरेटरमध्ये कुठेतरी साठलेले असते, आणि उपाय तिथे शोधायचा असतो. सेपरेटरचा फिल्टर चोंदला आहे का, तेलाच्या रिसीव्हरचा दाब क्रँककेसपेक्षा ठरावीक फरकाने जास्त आहे का, पातळी राखणारे रेग्युलेटर तेल घेतात का, सक्शनच्या उभ्या पाइपात वायूला पुरेसा वेग आहे का, हे क्रमाने पाहावे. सक्शनचा सुपरहीट, म्हणजे परत येणाऱ्या वायूचे उकळबिंदूच्या वरचे जादा तापमान, किमान १० केल्विन राहील आणि कॉम्प्रेसर बनवणाऱ्याने जास्त सांगितला असेल तर तेवढा राहील, अशी व्हॉल्व्हची जोडणी ठेवावी, कारण ओला वायू थेट क्रँककेसमधल्या तेलाला पातळ करतो. हीटरला जनरेटरची लाइन मिळालेली असणे मुंबईच्या पावसाळ्यात फार उपयोगी पडते.

जागेवर पाइप जोडून उभारलेल्या प्लांटचे पहिले तेल सुमारे १०० तास चालल्यावर बदलावे, म्हणजे ब्रेझिंगचा काळा कण आणि बारीक धातू त्याबरोबर निघून जातो. पुढची मुदत कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, पण तेलाचा नमुना वर्षातून एकदा तपासून घ्यावा. पाण्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या वर जाऊ लागले किंवा आम्लमूल्य मागच्या तपासणीपेक्षा स्पष्ट वाढलेले दिसले, तर मुदतीची वाट न पाहता तेल आणि ड्रायर दोन्ही बदलावेत.

तेल काढताना घाई जिवावर बेतू शकते. ३० अंशांच्या खोलीत द्रव शिल्लक असलेल्या बंद भागात दाब ७२ बारपर्यंत चढतो. कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी बंद करून त्यातला वायू सावकाश, बाहेरच्या हवेत नेलेल्या नळीतून सोडावा. भराभर दाब उतरवला तर तेल फेसाळून नळीतून उडते आणि रबरी ओ-रिंगमध्ये मुरलेला वायू आतून फुगून रिंग फाटते, म्हणून उघडलेल्या प्रत्येक जोडाची रिंग नवीन घालावी. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, तळघरातल्या मशीन रूममध्ये तो जमिनीलगत साठतो, आणि त्याला वास नसतो. आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा ५,००० पीपीएम आहे, ४०,००० पीपीएमला तो तत्काळ जीवघेणा मानला जातो. डिटेक्टर चालू आहे याची खात्री केल्याशिवाय आणि दाराबाहेर दुसरा माणूस उभा केल्याशिवाय नट सैल करू नये.

बाहेर आलेले तेल बराच वेळ बुडबुडे सोडत राहते. नमुन्याची बाटली लगेच घट्ट बंद केली तर ती फुगते किंवा फुटते, आणि उघडी ठेवली तर मुंबईची हवा तिच्यात शिरून पाण्याचा खोटा आकडा देते. म्हणून झाकण सैल लावून फेस बसू द्यावा आणि तो बसताच ते आवळून बाटलीवर तारीख, कॉम्प्रेसरचा क्रमांक आणि चाललेले तास लिहावेत. उरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते, तेव्हा ते वेगळ्या डब्यात ठेवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाकडे द्यावे आणि त्याची पावती त्याच वहीत चिकटवावी.