बाळंतपणानंतर केस गळायला लागले तर

बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की न्हाणीच्या जाळीवर केसांचा गुंता दिसू लागतो आणि बाळंतिणीचा धीर सुटतो. आधी हिशेब समजून घ्या. एरवीही रोज 50 ते 100 केस गळतातच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे गळायच्या बेतातले केसही डोक्यावर टिकून राहतात. शेवटच्या महिन्यांत वेणी दाट वाटते ती त्यामुळेच. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, थांबलेले केस एकदमच विश्रांतीच्या टप्प्यात जातात, म्हणजे त्यांची वाढ थांबते, आणि दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात. चौथ्या महिन्याच्या आसपास गळती ऐन भरात असते, पुढे ओसरत जाते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात.

म्हणूनच ऐन भरात सुरू केलेला कुठलाही उपाय दोन-तीन महिन्यांत 'लागू पडतो'. गळती तेव्हा थांबणारच असते, श्रेय मात्र तेलाच्या बाटलीला जातं. अंगावर पाजल्याने केस गळतात म्हणून पाजणं बंद करायला सांगणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका.

तुमची गळती याच प्रकारची आहे का, ते घरी पाहता येतं. एक दिवस न धुतलेल्या केसांतली 50-60 केसांची बट मुळाशी चिमटीत धरा आणि टोकापर्यंत हलकेच ओढत न्या. डोक्यावर चार ठिकाणी असं करा. दर वेळी सहाहून जास्त केस हातात आले तर गळती जोरात आहे. केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. तो पाहून मूळ उपटलं असं वाटतं, पण नवा केस जिथून येतो तो भाग त्वचेतच शाबूत असतो. सगळ्या डोक्यावरून सारखीच गळती असेल तर वाट पाहायला हरकत नाही. भांग रुंदावत चालला असेल, नाण्याएवढी चाई पडली असेल, टाळूला खाज, खपल्या किंवा पू असेल तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ही गोष्ट वेगळी आहे.

गळती फार असेल किंवा सोबत थकवा, धाप, धडधड असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ते ठीक असूनही फेरिटिन 30 च्या खाली असेल तर शरीरातला लोहाचा साठा आटलेला आहे, आणि आपल्याकडे हे फार वेळा घडतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींचं थायरॉइडही बिघडतं, त्यानेही केस जातात. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा, नाहीतर थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.

आशाताईंकडून मिळणारी लाल गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज घ्यायची असते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चूक होते ती घेण्याच्या वेळेत. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. दोन्हींपासून किमान दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीबरोबर लिंबूपाणी किंवा आवळा घ्या. अळिवाचे लाडू जरूर खा, त्यांत लोह आहे, पण साठाच आटला असेल तर लाडवांवर भागत नाही. प्रथिनांकडेही लक्ष हवं: दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, शिवाय दही, अंडी, मासे यांपैकी जे चालत असेल ते. नुसता तूप-भात आणि मेतकूट महिनोन्‌महिने पुरत नाही. वजन उतरवायचं कडक पथ्य तर या काळात नकोच, त्याने गळती लांबते.

केस धुतल्याने गळत नाहीत. सुटलेले केस धुताना बाहेर येतात एवढंच. चार दिवसांनी नहाल तर चार दिवसांचे एकदम दिसतील. तेलाने केस मऊ राहतात, गळती थांबत नाही, तेव्हा बोटांच्या पेरांनी हलकेच लावा. ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा घालू नका. घट्ट अंबाडा किंवा ओढून बांधलेली पोनी कपाळावरच्या केसांच्या मुळावर येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे कपाळापाशी उभे राहणारे आखूड केस हे नव्या वाढीचं लक्षण, त्यांना जेलने चापून बसवू नका.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध गरोदरपणात वापरू नका, आणि अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फिनास्टराइड आणि स्पायरोनोलॅक्टोन या केसगळतीवर दिल्या जाणाऱ्या गोळ्या पुन्हा दिवस जाण्याची शक्यता असेल तर घेऊ नका. पोटातल्या मुलग्याच्या लिंगाच्या वाढीत त्यांनी दोष येऊ शकतो. केसरोपणाचा विचार वर्षभर तरी बाजूला ठेवा. आपोआप येणाऱ्या केसांसाठी शस्त्रक्रिया कशाला?

या काळात बाळाकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. तुमचा गळलेला केस त्याच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाला, मुलग्याच्या लिंगालाही, गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तोडू शकतो. मोजे, हातमोजे, टोपी उलटी करून झटका, लंगोट बदलताना बोटांच्या बेचक्या पाहा, आणि केस बांधून बाळाला घ्या. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल, एखादं बोट लाल-जांभळं आणि सुजलेलं असेल आणि केस सहज सुटत नसेल, तर ओढत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.