चातुर्मासात कमवायची ओठांची ताकद

तुळशीच्या लग्नानंतर मराठवाड्यातल्या बँड पथकांना उसंत मिळत नाही. त्यामुळे ट्रम्पेटवाल्याने ओठांची ताकद चातुर्मासातच कमवून ठेवावी. वरातीत दम संपला असे आपण म्हणतो खरे, परंतु बहुतेक वेळा छातीत हवा शिल्लक असते आणि थकलेले असतात ते ओठांभोवतीचे लहान स्नायू.

हे स्नायू तयार करण्यासाठी एट्यूड, म्हणजे सरावासाठीच रचलेली साधारण पानभराची रचना, फार उपयोगी पडते, कारण लग्नातल्या गाण्यात ढोल-ताशा सुरू असताना जी उसंत मिळते ती तिच्यात जवळजवळ नसते. आधी पाच मिनिटे मधल्या सप्तकातले लांब सूर हळू आवाजात धरावेत. मग एट्यूडचे फक्त चार बार, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेले चार छोटे भाग, संथ लयीत वाजवावेत, आणि वाजवायला जितका वेळ लागला तितकाच वेळ माउथपीस ओठांपासून दूर ठेवून पुढचे चार बार गुणगुणत पिस्टनवर, म्हणजे ट्रम्पेटच्या दाबायच्या कळांवर, बोटे फिरवावीत. ही विश्रांती सरावाचाच भाग आहे. ती टाळणाऱ्याची प्रगती खुंटते, हे मी स्वतः ओठ सुजवून घेऊन शिकलो आहे. चौथ्या बारचा शेवटचा सूर पहिल्याइतकाच स्वच्छ येऊ लागला, तरच आठ बार, मग अर्धे पान आणि शेवटी न थांबता पूर्ण पान, असे पुढे जावे.

थकवा आला की डावा हात नकळत वाद्य ओठांवर दाबू लागतो. त्या दाबाने वरचा सूर क्षणभर निघतो, पण ओठांतला रक्तप्रवाह अडतो आणि ते आणखी लवकर थकतात. वाजवून झाल्यावर आरशात पाहावे: माउथपीसची खोल गोल खूण बराच वेळ राहत असेल, तर दाब जास्त आहे. अशा वेळी ओठांचे कोपरे घट्ट ठेवून मधला भाग मोकळा सोडावा आणि फुंक पोटापासून द्यावी. हळू सुराच्या आधी नुसती हवा ऐकू येऊ लागली, की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा.

दिवाळीच्या सुमारास मात्र तेच पान पाठ करून अंगणात सावकाश चालत वाजवावे, कारण वरातीत प्रत्येक पावलागणिक माउथपीस ओठांवर हलतो आणि बसून केलेल्या सरावात त्याची सवय होत नाही.