भिंत ओळखा, मगच हॅमर लावा

गीझर टांगायचा असो की पडद्याचा रॉड, शेजारून रोटरी हॅमर (फिरता फिरता ठोकेही देणारं ड्रिल मशीन) मागून आणला की निम्मं काम झालं असं वाटतं. पण मुंबईत एका घरातल्या चार भिंतीही एकाच मालाच्या असतील याची खात्री नसते. गिरगावच्या जुन्या चाळीत वीट आणि चुना, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत काँक्रीट, नव्या टॉवरमध्ये मिव्हान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या साच्यात ओतलेल्या आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) भिंती, नाहीतर हलके, सच्छिद्र एएसी ब्लॉक. त्यामुळे मशीनवरचा हॅमर मोड, म्हणजे ठोके, चालू ठेवायचा की बंद, हा खरा प्रश्न आहे.

आधी तयारी

डोळ्यांना गॉगल, कानात प्लग, तोंडाला एन-95 मास्क. रुमालावर भागवू नका. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत सिलिका असते आणि तिचे बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. हातमोजे सैल नकोत, ओढणी किंवा लोंबती बाही तर नकोच.

घरातल्या मीटरबोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो ना याची खात्री करा. मग वायरिंग कुठून गेलंय त्याचा अंदाज घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका. नळ आणि शॉवरच्या रेषेतही नाही. जुन्या घरात वायर तिरकीही गेलेली असू शकते, म्हणून वायर शोधणारा डिटेक्टर फिरवा आणि त्या खोलीचा एमसीबी (मीटरबोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पाडून मशीनला दुसरीकडून वीज घ्या.

बिट बसवणं

मशीनचा प्लग काढलेला असतानाच बिट लावा. एसडीएस-प्लस बिटचा (रोटरी हॅमरचा खाचांचा बिट) दांडा पुसून त्याला किंचित ग्रीस लावा, फिरवत आत ढकला, खट्ट आवाज झाला की ओढून बघा. बिट थोडा पुढे-मागे हलतो, तो हलायलाच हवा. बाजूचं हँडल घट्ट करा आणि डेप्थ गेजवर (भोकाची खोली ठरवणाऱ्या दांडीवर) प्लॅस्टिकच्या गिट्टीच्या, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या तुकड्याच्या लांबीपेक्षा थोडं जास्त माप लावा. मोडचा खटका मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवायचा.

भिंतीची परीक्षा

जिथे शेवटी मोठं भोक येणार आहे तिथेच 5 मिलिमीटरच्या बिटने, हॅमर बंद ठेवून सुरुवात करा. वरच्या प्लॅस्टरची पूड बहुतेक वेळा करडीच येते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. त्याच्या आत लाल पूड आली तर वीट. बिट लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि भुसभुशीत, फिकट पूड पडली तर एएसी ब्लॉक, किंवा जुन्या घरात चुन्याची दर्ज, म्हणजे दोन विटांमधला सांधा. बिट नुसता जागच्या जागी फिरत राहिला तर काँक्रीट.

कुठे काय चालतं

काँक्रीटमध्ये हॅमर हवाच. आतला पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर बिटवर ठोसे बसतात, त्यामुळे अंगाचा भार टाकून रेटण्याने काही मिळत नाही. दोन्ही हातांनी धरा, पाय फाकवून उभे राहा, मधूनमधून बिट फिरता ठेवूनच बाहेर ओढून पूड काढा. अचानक बिट पुढे जाईनासा झाला तर बहुधा सळई लागली आहे. तिथेच थांबा, थोडं सरकून दुसरं भोक घ्या. सळई कापायची नाही. बीम, कॉलम आणि स्लॅबमध्ये मोठी किंवा खोल भोकं सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय नकोत.

विटेला हॅमर चालतो, पण ट्रिगर हलका दाबा. जुन्या चाळीत चुना ढिला झालेला असतो. दर्ज टाळून विटेच्या मध्यावर भोक घ्या.

एएसी ब्लॉकला हॅमर कधीच नाही. भोक रुंदावतं आणि गिट्टी गरगर फिरते. नुसतं फिरवून भोक पाडा, एएसीसाठी मिळणारी गिट्टी वापरा आणि गीझरसारखं वजन असेल तर दुसरी भिंत शोधा.

टाइल्सची तऱ्हा वेगळी. खुणेवर मास्किंग टेप लावा, भाल्याच्या टोकाचा टाइल बिट घ्या आणि सावकाश, हॅमरशिवाय टाइल पार करा. बिट बदलून हॅमर मागच्या भिंतीसाठी, तोही ती काँक्रीट किंवा विटेची असेल तरच. ग्रॅनाइटच्या ओट्याला आणि व्हिट्रिफाइड टाइलला डायमंड बिट आणि थेंब थेंब पाणी लागतं. पाण्याजवळ वायरचं मशीन नको, बॅटरीचं मागवा. बाथरूमच्या जमिनीत तर भोकच नको, वॉटरप्रूफिंग फाटलं की खालच्या मजल्याचं छत गळतं.

लाकूड आणि लोखंडाला चक अ‍ॅडॉप्टर (साधा बिट धरणारा जोड), साधा बिट आणि फक्त फिरवणं.

बिट अडकला तर

मशीन मनगट पिळतं, म्हणून ट्रिगरचं लॉक लावायचं नाही आणि स्टुलावर चवड्यांवर उभं राहून काम करायचं नाही. ट्रिगर सोडा, प्लग काढा, मशीन बिटपासून वेगळं करा आणि बिट पान्याने सोडवा. लगेच हात लावू नका, तो तापलेला असतो.

गिट्टी ठोकण्याआधी भोकातली पूड ब्रशने किंवा छोट्या पंपाने काढा, तोंडाने फुंकू नका. बाहेरच्या भिंतीत भोक असेल तर कडेने सिलिकॉन भरा, आणि तेही जूनच्या आधी.